ॲक्टोफोटोमीटरनंतर काय? डीपलॅबकटचे एक परीक्षण

उंदरांच्या हालचाली मोजायच्या म्हटले की पुण्यातील औषधनिर्माणशास्त्राच्या अनेक महाविद्यालयांत आजही पहिल्यांदा ॲक्टोफोटोमीटरच बाहेर काढला जातो. एक बंद पेटी, तिच्यातून आरपार जाणारे प्रकाशकिरण, आणि प्राणी किरणाच्या आड आला की एकाने पुढे सरकणारा आकडा, एवढीच त्याची रचना. डायझेपाम हे गुंगी आणणारे औषध दिल्यावर आकडा घटतो, कॅफीन दिल्यावर वाढतो, आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत तक्ता पूर्ण होतो. हे यंत्र स्वस्त आणि दणकट आहे, शिवाय दुरुस्तीला सोपे आहे, त्यामुळे त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र किरणाच्या नेमक्या रेषेवर बसून अंग चाटणारा रॅट आणि पेटीभर फिरणारा रॅट यांचा आकडा सारखाच येऊ शकतो, आणि कोणता आकडा कशाचा हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. उन्नत अधिक-चक्रव्यूहाची, म्हणजे जमिनीपासून उंचावर ठेवलेल्या, दोन उघडे आणि दोन भिंतींचे बाहू असलेल्या अधिक-चिन्हाच्या आकाराच्या एलिव्हेटेड प्लस मेझची, तर याहून जुनी तऱ्हा आहे: एक विद्यार्थी स्टॉपवॉच धरतो, दुसरा लिहून घेतो, आणि चक्रव्यूहाच्या मधल्या चौकोनात रेंगाळणारा प्राणी नक्की कोणत्या बाहूत गेला यावर दोघांचे एकमत होईपर्यंत तो तिसरीकडे पोहोचलेला असतो.

या दोन्ही पद्धतींना पर्याय म्हणून आमच्या विभागात डीपलॅबकट हे मोफत सॉफ्टवेअर आम्ही काही काळ वापरत आहोत. ॲलेक्झांडर मॅथिस, मॅकेन्झी मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०१८ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मधील शोधनिबंधातून मांडले. प्राण्याच्या अंगावर कोणतीही खूण, चकती किंवा रंग न लावता, साध्या चित्रफितीतून नाकाचे टोक, दोन्ही कान, पाठीचा मध्य, शेपटीचे मूळ अशा आपण ठरवलेल्या बिंदूंचा माग काढणे हे त्याचे काम आहे. लाखो सामान्य छायाचित्रांवर आधीच शिकवलेले न्यूरल नेटवर्क घेऊन त्याला थोड्याशा नव्या उदाहरणांवर पुन्हा शिकवायचे ही त्यामागची युक्ती असल्यामुळे सुमारे २०० फ्रेमवर हाताने बिंदू लावले तरी माणसाच्या तोडीची अचूकता मिळते, असे मूळ निबंधात दाखवले आहे. सॉफ्टवेअर एलजीपीएल परवान्याखाली खुले आहे. व्यापारी पॅकेजांच्या किमती लाखांत जातात, आणि परवान्याचे नूतनीकरण हा खरेदी समितीच्या बैठकीतील कायमचा विषय असतो. तो विषयच इथे उरत नाही.

बिंदू लावण्याचे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. चित्रफितींतून एकमेकींपासून वेगळ्या दिसणाऱ्या फ्रेम सॉफ्टवेअर स्वतः निवडून देते, आपण माऊसने बिंदू ठेवत जायचे. दोन गोष्टी मात्र आधीच ठरवाव्यात. ‘शेपटीचे मूळ’ म्हणजे नेमके कुठे हे सर्व विद्यार्थ्यांसाठी एकच असले पाहिजे, कारण नेटवर्क आपल्याकडूनच शिकते आणि आपले मतभेदही निमूटपणे शिकून घेते. दुसरे म्हणजे, फ्रेम एकाच प्राण्याच्या किंवा एकाच दिवसाच्या घेऊ नयेत; मोठा रॅट, लहान रॅट, अंग मुडपून बसलेला, भिंतीला टेकलेला, दिव्याच्या तिरिपेतला, सावलीतला, हे सगळे नमुन्यात आले तरच पुढचे निकाल भरवशाचे ठरतात. २०२४ मध्ये मॅथिस यांच्याच गटाने ‘सुपरॲनिमल’ या नावाने आधीच शिकवून तयार ठेवलेली मॉडेल प्रसिद्ध केली असून त्यांपैकी एक खास वरून टिपलेल्या उंदरांसाठी आहे. सुरुवात त्यापासून करावी. हाताने बिंदू लावण्याचे काम बरेच कमी होते, पण आपल्याकडच्या पिंजऱ्यांवर ते पडताळून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

खरी अडचण सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे, आणि इथेच आपल्याकडे घोडे पेंड खाते. परदेशी निबंधांतील चित्रांत बहुधा सी५७ जातीचा काळा उंदीर फिकट पृष्ठभागावर फिरताना दिसतो. आपल्या महाविद्यालयांत असतात स्विस अल्बिनो उंदीर आणि विस्टार रॅट, दोघेही पांढरेशुभ्र, आणि त्यांच्याखाली भाताचे तूस किंवा मक्याच्या कणसांचा भुगा. फिकट तुसावर पांढऱ्या प्राण्याची शेपटी माणसालाही चटकन दिसत नाही. नेटवर्क तुसाच्या काडीला शेपटीचे टोक समजते यात त्याचा दोष नाही. खुल्या मैदानाच्या चाचणीसाठी, म्हणजे प्राण्याला मोकळ्या पेटीत सोडून त्याचे फिरणे पाहण्यासाठी, आम्ही तळाला मॅट काळा ॲक्रिलिकचा पत्रा घेतला आणि निम्मे प्रश्न तिथेच मिटले. चकचकीत ॲक्रिलिक मात्र घेऊ नये, कारण त्यात प्राण्याचे प्रतिबिंब उमटते आणि एका रॅटला दोन नाके सापडू लागतात. मॉरिस वॉटर मेझमध्ये, म्हणजे पाण्याखाली दडवलेला चौथरा प्राण्याला पोहत शोधायला लावणाऱ्या टाकीत, पाणी गढूळ करायला दूध पावडर घालण्याची आपली जुनी पद्धतही अल्बिनो प्राण्यांच्या बाबतीत कॅमेऱ्याला मारक आहे. पांढऱ्या पाण्यातले पांढरे डोके शोधण्यापेक्षा काळी टाकी आणि बिनविषारी गडद रंग बरा. अल्बिनो जातींची दृष्टी मुळातच अधू असते, तेव्हा भिंतीवरच्या खुणा पाहून दिशा ओळखण्याच्या चाचणीत त्यांना उतरवावे का, हा वेगळा आणि अधिक गंभीर प्रश्न आहे, पण त्याचे उत्तर सॉफ्टवेअरने द्यावे अशी अपेक्षा नाही.

प्रकाशाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. उंदीर आणि रॅट निशाचर आहेत, आणि आपण त्यांची परीक्षा घेतो सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात, म्हणजे त्यांच्या झोपेच्या वेळी. काळोखात चित्रण करायचे तर अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, दिवे आणि त्या किरणांना न अडवणारा कॅमेरा लागतो. सीसीटीव्हीसाठी मिळणारे ८५० नॅनोमीटरचे दिवे बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळतात. आपल्याला त्यांची मंद लाल चमक दिसते, उंदरांची दृष्टी त्या टोकाला जवळजवळ पोहोचत नाही. ९४० नॅनोमीटरचे दिवे माणसालाही दिसत नाहीत, पण साधे कॅमेरे त्या प्रकाशाला कमी प्रतिसाद देतात, त्यामुळे चित्र दाणेदार येते. दिवा थेट पिंजऱ्यावर न रोखता छताकडे किंवा पांढऱ्या कापडाकडे वळवावा, म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या झाकणावर डोळे दिपवणारा ठिपका उमटत नाही. आणखी एक गोष्ट विक्रेते कधी सांगत नाहीत: स्वस्त अडॅप्टर आणि संगणकांचे वीजपुरवठा भाग आपल्याला ऐकू न येणारा उच्च कंप्रतेचा आवाज सोडू शकतात, आणि उंदरांना तो ऐकू येतो. संगणक शक्यतो दाराबाहेर ठेवावा, केबल लांब घ्यावी.

इन्फ्रारेडमध्ये गेल्यावर आपल्या प्राणिगृहांतील एक जुनी सवय कोलमडते. एका पिंजऱ्यातील प्राणी ओळखण्यासाठी त्यांच्या डोक्यावर, पाठीवर किंवा शेपटीच्या मुळाशी पिक्रिक ॲसिडचा पिवळा ठिपका लावण्याची पद्धत सर्वत्र आहे. पिक्रिक ॲसिड निळा आणि अतिनील प्रकाश शोषते म्हणून ते पिवळे दिसते. इन्फ्रारेड प्रकाश मात्र ते पांढऱ्या केसांइतकाच परत पाठवते, आणि कॅमेऱ्याला डोके, पाठ, शेपूट सगळे सारखेच कोरे दिसते. बाजारातील बऱ्याच काळ्या मार्करची शाईदेखील अशीच अदृश्य होते. कार्बनयुक्त काळी शाई टिकते. प्राणी एकटाच असेल तर हा प्रश्न येत नाही. तीन किंवा चार प्राणी एकत्र असतील तर तो पहिल्या रात्रीच येतो.

आता प्रत्यक्ष चाचण्यांकडे वळू. चक्रव्यूहाच्या चाचणीत डीपलॅबकट सर्वाधिक समाधान देते. ‘चारही पाय आत आले म्हणजे प्रवेश’ हा नियम स्टॉपवॉचवाला प्रत्येक जण आपल्या परीने लावतो. इथे तो एकदाच लिहावा लागतो, आणि मग पहिल्या प्राण्यापासून शेवटच्या प्राण्यापर्यंत तोच लागू होतो. शिवाय, ज्या बारीकसारीक हालचाली आपण वेळेअभावी सोडून देत होतो त्याही हाती येतात. शरीराचा मध्य उघड्या बाहूत असताना नाकाचा बिंदू बाहूच्या कडेबाहेर गेला, तर प्राणी खाली डोकावत आहे. शेपटीचे मूळ जागच्या जागी राहून नाक पुढे सरकत गेले, म्हणजे दोन्हींतले अंतर वाढले, तर तो अंग ताणून पुढच्या जागेचा अंदाज घेत आहे. चिंतानाशक औषधांच्या अभ्यासात ही दुसरी हालचाल नुसत्या प्रवेशसंख्येपेक्षा अनेकदा अधिक बोलकी असते. अशा बिंदूंवर वर्तन ओळखणारी मॉडेल बसवली तर ती प्रशिक्षित माणसाइतकी चांगली आणि काही बाबतीत व्यापारी प्रणालींपेक्षा सरस ठरतात, असे स्वित्झर्लंडमधील एका गटाने २०२० मध्ये दाखवले होते, आणि आमचा अनुभव त्याला धरूनच आहे.

उणिवांपैकी सर्वात फसवी उणीव अंतर मोजण्यात आहे. प्राणी अगदी स्थिर बसला असला तरी सॉफ्टवेअरने दिलेला बिंदू फ्रेमगणिक किंचित थरथरतो. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर पाच मिनिटांच्या चित्रफितीत ९,००० फ्रेम होतात. दर फ्रेमला अर्ध्या पिक्सेलची थरथर आणि एका पिक्सेलला एक मिलिमीटर असे धरले, तर जागचा न हललेला रॅट कागदोपत्री साडेचार मीटर चालतो. डायझेपामची मोठी मात्रा दिलेल्या गटात ही चूक थेट निष्कर्षात उतरते. सॉफ्टवेअरमध्ये अशी थरथर कमी करणाऱ्या मध्यक गाळणीची (मीडियन फिल्टरची) सोय आहे, ती वापरावी, आणि ठरावीक वेगाखालची हालचाल शून्य धरावी. मात्र ती मर्यादा काय ठेवली हे निबंधात लिहावे. प्रत्येक बिंदूबरोबर सॉफ्टवेअर आपल्या खात्रीचा आकडा देते, आणि ०.६ ही मूळ मर्यादा पुष्कळांकडून आहे तशीच राहते. आमच्या मते ती आपल्या चित्रफितींवर पाहून ठरवावी. कमी खात्रीचे बिंदू गाळल्यावर मधली भोके कशी भरली, तेही सांगितले पाहिजे.

वरून टिपलेल्या चित्रफितीत मागच्या पायांवर उभे राहणे नीट कळत नाही. उभा राहिलेला उंदीर वरून आखूड दिसतो, पण मुटकुळे करून बसलेलाही आखूडच दिसतो. बाजूने दुसरा कॅमेरा लावावा, किंवा पेटीशेजारी तिरका आरसा ठेवून एकाच कॅमेऱ्यात दोन्ही दृश्ये घ्यावीत. आरशाचा उपाय स्वस्त आहे आणि चालतो.

याहून मूलभूत मर्यादा अशी की डीपलॅबकट वर्तन ओळखतच नाही. ते बिंदू देते. नाक इथे, कान तिथे, एवढेच. प्राणी अंग साफ करत आहे की खाजवत आहे, घाबरून थिजला आहे की डुलकी घेत आहे, हे त्यातून काढण्यासाठी पुढे आणखी एखादे साधन जोडावे लागते. सिंबा या साधनात आपण उदाहरणे दाखवून एकेक वर्तन शिकवतो. कीपॉइंट-मोसेक हे २०२४ मधले साधन उलट मार्गाने जाते आणि हालचालींच्या प्रवाहातून वारंवार येणारे छोटे तुकडे आपणहून वेगळे करते, त्यांना नाव द्यायचे काम आपल्यावर सोडते. दोन्ही ठिकाणी पायथन या प्रोग्रामिंग भाषेची थोडीफार ओळख हवी. विभागात अशी एकही व्यक्ती नसेल तर सॉफ्टवेअर मोफत असूनही महागात पडते, कारण प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर काहीतरी अडते आणि ते सोडवण्यासाठी इंग्रजीतील चर्चापाने धुंडाळत बसावे लागते. ग्राफिक कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवर प्रशिक्षण द्यायला जाऊ नये. गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर काम होते, पण मग चित्रफिती तिथवर चढवण्याचा वेळही धरावा लागतो.

विजेचा मुद्दा परदेशी मार्गदर्शिकांत नसतो, म्हणून तो इथे नोंदवतो. वीज गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत काही क्षण जरी गेले, तरी संगणक बंद पडतो, आणि चालू असलेली एमपी४ फाईल नीट न मिटल्यामुळे पूर्ण चित्रण वाचता येत नाही. चित्रण एमकेव्ही प्रकारात, छोट्या छोट्या तुकड्यांत करावे आणि संगणकाला यूपीएस लावावा. वीज गेल्यावर तासाभराचे चित्रण आणि त्यामागचा प्राणी दोन्ही वाया जाणे परवडणारे नाही. चित्रण पुन्हा करता येते, पहिल्यांदा चक्रव्यूह पाहणारा प्राणी पुन्हा मिळत नाही.

अनेक प्राण्यांची सोय डीपलॅबकटमध्ये २०२२ पासून रीतसर आहे, आणि स्लीप हे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले दुसरे मोफत साधन मुळात त्याच उद्देशाने बनवलेले आहे. तरीही चार पांढरे उंदीर एकमेकांच्या अंगावर चढून झोपले आणि उठून चार दिशांना गेले की कोण कोण होता याची अदलाबदल होते. त्यात घरच्या पिंजऱ्याला वरून जाळीचे झाकण, खाद्याची टोपली आणि पाण्याची बाटली असल्याने कॅमेऱ्याला अर्धा पिंजरा दिसतच नाही. दिवसभराच्या चित्रणात २५,९२,००० फ्रेम येतात, आणि त्यांत कुठे अदलाबदल झाली हे डोळ्यांत तेल घालून शोधणे अशक्य आहे. गटातील प्राण्यांचे रात्रंदिवस निरीक्षण हवे असेल तर त्वचेखालची आरएफआयडी (रेडिओलहरींनी ओळख पटवणारी) चिप किंवा पिंजऱ्याखाली विद्युतक्षेत्र मोजणारी पट्टी असलेल्या तयार प्रणाली अधिक योग्य आहेत. पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेसारख्या, जनुकबदल केलेल्या उंदरांवर मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्या संस्थांचे गणित वेगळे असते. आमच्यासारख्या विभागाने तूर्त एकट्या प्राण्याच्या, थोड्या वेळाच्या चाचण्यांपुरतेच डीपलॅबकट वापरावे.

यंत्र आले म्हणजे निकाल सर्वत्र सारखे येतील, या समजुतीला मात्र थारा देऊ नये. १९९९ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड येथील तीन प्रयोगशाळांनी त्याच जातींचे उंदीर, तीच उपकरणे आणि तेच वेळापत्रक काटेकोरपणे ठेवूनही काही चाचण्यांचे निकाल वेगळे आले होते. २०१० च्या एका अभ्यासात असे दिसले की शेपटीला धरून उचललेले उंदीर नळीतून किंवा ओंजळीतून उचललेल्यांपेक्षा अधिक चिंताग्रस्त वागतात, आणि २०१४ मध्ये पुरुष प्रयोगकर्त्याच्या नुसत्या गंधानेही त्यांच्यावर ताण येतो हे पुढे आले. कॅमेरा निरीक्षकाला खोलीबाहेर काढतो, हा त्याचा मोठा फायदा आहे. पण प्राण्याला पिंजऱ्यातून चक्रव्यूहात ठेवणारा हात माणसाचाच राहतो. आमच्याकडे नळीने उचलण्याची पद्धत सुरू केल्यावर जो फरक पडला तो कोणत्याही सॉफ्टवेअरच्या श्रेयात टाकता येणार नाही.

विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट वारंवार सांगावी लागते. नऊ हजार फ्रेम म्हणजे नऊ हजार नमुने नव्हेत. गटात सहा प्राणी असतील तर नमुने सहाच. आकड्यांची रेलचेल पाहून हे विसरायला होते. याचबरोबर, चाळीस निरनिराळी मापे काढून त्यांतले जे लक्षणीय निघेल ते छापण्याचा मोहही या साधनाने सोपा केला आहे. कोणते माप मुख्य, हे प्राणी नैतिकता समितीला द्यायच्या अर्जातच लिहून टाकावे. समितीच्या दृष्टीनेही चित्रफीत उपयोगाची आहे: तीच चित्रफीत पुन्हा वेगळ्या प्रश्नासाठी तपासता येते, त्यामुळे काही वेळा नवे प्राणी वापरावेच लागत नाहीत. जुन्या चित्रफिती जपून ठेवण्याची शिस्त मात्र आधी लागली पाहिजे.

प्राणिगृहातील मामांची रोजची फेरी यामुळे बंद करता येईल का, असे एका बैठकीत विचारले गेले. उत्तर नाही असेच आहे. केस विस्कटलेले आहेत, डोळ्यांभोवती लालसर स्राव आहे, प्राणी कुबड काढून बसला आहे, यांपैकी पाच बिंदूंच्या सांगाड्यात जवळजवळ काहीच उमटत नाही. वेदना चेहऱ्यावरून ओळखण्याची उंदरांसाठीची श्रेणीपद्धत २०१० पासून उपलब्ध आहे, पण तिच्यासाठी चेहऱ्याचे जवळून घेतलेले स्पष्ट चित्र लागते, छतावरचा कॅमेरा नव्हे.

खर्चाचा क्रम विचारणाऱ्यांना आम्ही असा सांगतो: आधी काळा मॅट तळ आणि पसरट इन्फ्रारेड प्रकाश, मग कॅमेऱ्याचा पक्का स्टँड, जो झाडूवाल्याच्या धक्क्यानेही हलणार नाही, मग यूपीएस, आणि शेवटी ग्राफिक कार्ड असलेला संगणक. पहिल्या तुकडीसाठी स्टॉपवॉचनेही नोंदी घ्याव्यात, औषधाचा गट ठाऊक नसलेल्या दोन व्यक्तींकडून, आणि सॉफ्टवेअरचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहावेत. पुढच्या सत्रापासून चक्रव्यूह आणि खुल्या मैदानाच्या चाचण्या आमच्या विभागात डीपलॅबकटवरच होतील. नव्या अर्कांच्या प्राथमिक चाळणीसाठी ॲक्टोफोटोमीटर आहे त्या टेबलावर राहील.